तेलाची वाट : कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन घरी बांधताना

(दृश्य : पडवीत ताडपत्रीखाली उभी बुलेट. टाकीवर धूळ, इंजिनखाली सुकलेल्या तेलाचा काळा डाग.)

वर्षानुवर्षं बंद असलेली बुलेट दिसली की पाहणाऱ्याचा पाय आपोआप किककडे जातो. तो आधी आवरायचा. बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) गंज धरला असेल, रिंगा चिकटल्या असतील, तर एका किकमध्ये सिलिंडरला ओरखडा पडतो. मोठं नुकसान मात्र खाली होतं, पिस्टनच्या वर-खाली चालीचं फिरणं करणाऱ्या क्रँकवर. तिथं तेलाचा थेंबही उरलेला नसतो, किंवा सगळं तेल तिथंच साचलेलं असतं. दोन्ही वाईट.

ही गाडी मुळात इंग्लंडच्या रेडिचची. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि साडेतीनशेची बुलेट इथली झाली. सत्तर मिलिमीटर बोअर, नव्वद मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. डोकं अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, म्हणून लोक हिला कास्ट आयर्न बुलेट म्हणतात. पुढची पन्नासेक वर्षं मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. चांगले आणि टाकाऊ, दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

(दृश्य : टायमिंग कव्हर काढलेलं इंजिन. बोट तेलाच्या छिद्रांवरून फिरतं.)

पाना हातात घेण्याआधी तेलाची वाट समजून घ्या. हे इंजिन बांधणं म्हणजे निम्म्याहून जास्त ही वाट मोकळी करणं आहे.

तेलाची टाकी वेगळी नाही, ती क्रँककेसच्या ओतीवातच आहे. टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप आहेत, एक तेल पाठवणारा आणि दुसरा परत आणणारा. दोघांना फिरवतो तो क्रँकच्या टोकावरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा दातेरी भाग. पाठवणारा पंप तेल आधी फिल्टरमधून नेतो, मग क्रँकच्या टोकातून आत, फ्लायव्हीलमधल्या छिद्रातून क्रँकपिनला आणि तिथून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला. बिग एंडमधून उडालेलं तेल सिलिंडर आणि पिस्टन भिजवतं आणि तळाशी पडतं. परतीचा पंप ते उचलतो. त्यातलं थोडं बाहेरच्या नळ्यांमधून वर रॉकरना, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना जातं, बाकीचं टाकीत. परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवलाय, कारण तळाशी तेल साचता कामा नये.

आता यातली नाजूक जागा. साडेतीनशेच्या मूळ बिग एंडला रोलर नाहीत, तिथं तरंगता बुश, म्हणजे धातूची गोल कडी आहे. तो कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये मोकळा फिरतो, दोन्ही बाजूंना तेलाच्या थरावर. तेल असेल तोवर तो चांगला टिकतो. तेल थांबलं की काही मिनिटांत संपतो. बहुतेक वेळा त्या आधी कुणीतरी फिल्टर उलटसुलट बसवलेला असतो, पॅकिंग चुकीचं कापलेलं असतं, किंवा कव्हरवर पॅकिंग सोल्युशन इतकं थापलेलं असतं की छिद्रच बुजलेलं असतं.

(दृश्य : ट्रेमध्ये निथळणारं काळं तेल.)

खोलताना सुरुवात तेल काढण्यापासून. टाकीचा प्लग आणि क्रँककेसच्या तळाचा प्लग, दोन्ही काढा आणि दोन्हींचं तेल वेगवेगळ्या भांड्यांत घ्या. तळातून लिटरभर तेल आलं तर समजावं की उभ्या गाडीत पाठवणाऱ्या पंपाच्या फटीतून टाकी हळूहळू खाली रिकामी झाली. किक जड लागणं आणि सुरू केल्यावर निळा धूर येणं, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. रिंगा गेल्या म्हणून ब्लॉक उतरवणाऱ्यांनी आधी हे बघावं. मग त्या तेलात बोट बुडवून उन्हात धरा. धातूची चमक दिसली तर बुश झिजत असण्याची शक्यता आहे.

टायमिंग बाजूला एक सापळा आहे. क्रँकच्या टोकावरच्या वर्म नटाला उलटे आटे आहेत. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर तो आणखी आवळतो आणि शेवटी आटे जातात. कव्हर काढतानाही पेचकस घालून उचकटायचं नाही, त्या ओरखड्यातून जन्मभर तेल गळतं. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत सैल करा.

ब्लॉक निघाला की ठरवायचं, हाफ इंजिन (नुसतं वरचं काम) की फुल इंजिन (केस उघडून क्रँकही). पिस्टन वरच्या टोकाला आणा, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा. खेळ जाणवता कामा नये. रॉड आडवा थोडा हलतो, ते चालतं, त्याला बिग एंड गेलं म्हणत नाहीत. वर-खाली टकटक लागली तर केस उघडावाच लागेल. इथं पैसे वाचवून नुसता बोअर-पिस्टन करणं हा सर्वांत महाग पर्याय. नव्या पिस्टनचं दडपण जुन्या बुशवर येतं आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये सगळं पुन्हा खोलावं लागतं.

(दृश्य : लेथवर फिरणारा क्रँक, डायल गेजचा काटा.)

क्रँकचं काम घरी होत नाही. नवा बुश, नवा क्रँकपिन, फ्लायव्हील दाबून बसवणं आणि क्रँक सरळ करणं, यासाठी बुलेटचे क्रँक नेहमी करणारा लेथवाला शोधा. परत घेताना डायल गेज लावून दाखवायला सांगा. काट्याचा फरक दोन थाऊच्या, म्हणजे ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. बाजारात रोलर बिग एंडचे कनेक्टिंगही मिळतात आणि अनेक जण तेच घालतात. त्याला तेल थोडं कमी पडलं तरी तो लगेच मरत नाही. पण पंप दुखावलेला असेल तर रोलरनं फक्त मरण पुढं ढकललं जातं.

बोअरसाठी क्रम पक्का आहे. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग त्या पिस्टनच्या मापानं बोअर करायचा. वाढीव मापं वीस, चाळीस आणि साठ थाऊ. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. स्कर्टजवळ (पिस्टनच्या खालच्या भागाशी) पिस्टन आणि बोअरमध्ये तीन ते चार थाऊ जागा हवी. घट्ट बसतो तो चांगला, असं काही जण सांगतात. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे असा घट्ट पिस्टन पहिल्याच चढाला चिकटतो.

बोअर करून आणलेला ब्लॉक रॉकेलनं पुसून चालत नाही. होनिंगची, म्हणजे बोअर आतून घासतानाची पूड बिडाच्या बारीक रेघांमध्ये बसते. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश, दोन-तीन वेळा. मग पांढरा कपडा आतून फिरवा. तो पांढरा राहीपर्यंत धुवा, लगेच कोरडा करून तेल लावा, नाहीतर अर्ध्या तासात गंज धरतो.

(दृश्य : काचेच्या तुकड्यावर आठच्या आकड्यात फिरणारी पंपाची चकती.)

आता पंप. हा भाग मोठा दिसत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो. पंपाची चकती आणि तिची बैठक एकमेकांवर सपाट चिकटली तरच तेल पुढं जातं. उभ्या गाडीत तेल खाली उतरतं ते इथूनच. चकतीवर चरे असतील तर सपाट काचेवर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून, तेलाचे थेंब टाकून ती घासा. मग बैठकीवर मेटल पॉलिशनं घोळवा. दोन्ही पृष्ठभाग एकसारखे राखाडी दिसले की थांबा. त्यानंतर धुणं महत्त्वाचं, पॉलिशचा कण राहिला तर तो थेट बिग एंडला जाईल. स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदला. पंपाचा दांडा आणि वर्म यांचे दात बोथट झालेत का तेही आत्ताच बघा.

क्रँकच्या टोकाला तेल पोचवणाऱ्या जागी एक छोटं सील असतं, जुन्या गाड्यांत बुचाचं. ते चपटं झालं की पंप चांगला असूनही तेल बिग एंडपर्यंत न जाता वाटेतच सांडतं. दर वेळी नवं घाला, किंमत चहाइतकी आहे.

जोडताना टायमिंग गिअरच्या ठिपक्यासमोर ठिपका आणा. मग हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून कुठं अडत नाही ना, ते बघा. रिंग एकेकटी बोअरमध्ये ढकलून तोंडाची फट मोजा, ती पाव मिलिमीटरपेक्षा कमी नको. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिप नव्याच घ्या, आणि बसवताना क्रँककेसच्या तोंडात कपडा कोंबा. ती टुणकन उडते आणि बरोबर आतच पडते. टायमिंग कव्हरच्या पॅकिंगमधली तेलाची छिद्रं कव्हरच्या छिद्रांशी जुळवून पाहा, सोल्युशन अगदी पातळ लावा. हेडचे नट कोपऱ्याकोपऱ्यानं, थोडे थोडे.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट, थंड इंजिनवर लावायची, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. गरम इंजिनवर कसलेले टॅपेट थंड झाल्यावर व्हॉल्व्ह उघडे ठेवतात. मग सकाळी किक मारून पाय दुखतो आणि दोष कार्ब्युरेटरला जातो.

पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीचं टायमिंग लावताना पिस्टन वरच्या टोकापासून बराच मागं न्या आणि पुढच्या दिशेनंच आणत ०.८ मिलिमीटर बाकी असताना थांबवा, म्हणजे गिअरचा ढिलेपणा निघतो. त्या क्षणी पॉइंटमध्ये धरलेला सिगरेटचा पातळ कागद सुटायला हवा.

(दृश्य : नव्या तेलाची बाटली, फिल्टरच्या खोबणीत ओतलं जाणारं तेल.)

वीस-पन्नासचं तेल, सुमारे सव्वादोन लिटर. पण टाकी भरली म्हणजे तेल पोचलं असं नाही. फिल्टरची खोबण रिकामी असते, ती भरेपर्यंत बिग एंड कोरडंच फिरतं. म्हणून खोबण आधी तेलानं भरायची, मग झाकण. स्पार्क प्लग काढून किक हळूहळू मारत राहा. रॉकरच्या नळीचा बोल्ट थोडा सैल करा. तिथं तेल झिरपलं म्हणजे परतीचा पंप चालतोय. पाठवणाऱ्या पंपाची खात्री मात्र क्रँककेसच्या तळाशी तेल येतं का यावरून होते.

आता किक. चावी चालू, किक सावकाश दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध येऊ द्या, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) ओढून जरासं पुढं न्या, किक वर येऊ द्या आणि मग एकच लांब, सरळ किक. सुरू झाल्यावर लगेच ताणायचं नाही. दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा बघा.

कागदपत्रांची एक गोष्ट : फ्रेम सँडब्लास्ट करणाऱ्याला चेसिस नंबरवर आधी टेप लावायला सांगा. नंबर पुसट झाला की नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत तपासणीच अडते. इंजिनची केस बदलली असेल तर तिच्यावरचा नंबर आरसीशी जुळत नाही, तोही बदल रीतसर नोंदवावा लागतो.

पहिले पाचशे किलोमीटर ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या आत. सतत एकाच वेगानं नको, आणि चढाला टॉप गिअरमध्ये घुसमटवू नका. पाचशेला गरम तेल काढा आणि गाळणी पांढऱ्या कागदावर झटका. काळसर पूड रिंगांची असते, ती पहिल्या वेळी येणारच. धातूचे चमकते कण दिसले तर गाडी उभी करा आणि टायमिंग कव्हर पुन्हा उघडा, बुचाच्या सीलपासून.