लिव्हरपूल रोडवरचं शांघाय

नमस्कार श्रोतेहो.

सिडनीत नव्यानं आलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "चांगलं चायनीज कुठे मिळेल हो? फार थाटामाटाचं नको. आपलं साधं, पोटभर, पटकन आत जाऊन बसता येईल असं." मी उत्तर देण्याआधी उलट विचारते, "कुठल्या गावचं चायनीज?" समोरचा माणूस जरा थबकतो. आज मला त्या उलट प्रश्नाबद्दलच बोलायचंय, कारण सगळी मेख तिथंच आहे.

चीनमध्ये 'चायनीज' नावाचं जेवण कुणी रांधत नाही. सिच्वानचा स्वयंपाकी मिरची आणि ह्वाज्याओ, म्हणजे जीभ बधिर करणारी तिरफळासारखी मिरी, वापरतो. क्वांगतुंगचा, म्हणजे ज्याला आपण कँटनीज म्हणतो तो, ताजा मासा नुसत्या आल्यावर आणि कांद्याच्या पातीवर वाफवतो आणि मसाल्याला हात आखडता घेतो. शीआनमध्ये गव्हाच्या कणकेच्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स हातानं ओढून, ओट्यावर आपटून करतात. आणि शांघायचं जेवण थोडं गोडसर, सोया सॉसनं तांबूस झालेलं, मंद आचेवर शिजलेलं. गाव बदललं की हात बदलतो. तेव्हा पाटीवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि आत रांधणारं माणूस कुठलं आहे ते शोधा. तेवढं कळलं की काय मागवायचं हा प्रश्नच उरत नाही.

हे मी शिकले अ‍ॅशफील्डमध्ये. सिडनीच्या इनर वेस्टमधलं हे जुनं उपनगर. सेंट्रल स्टेशनहून गाडीत बसलं की पाव तासाच्या आसपास पोचता. इथलं स्टेशन १८५५ सालचं, सिडनी ते पॅरामॅटा ही रेल्वे सुरू झाली तेव्हापासूनचं. स्टेशनातून बाहेर पडून लिव्हरपूल रोडवर आलात, की दोन्ही बाजूंना छोटी छोटी उपाहारगृहं, बेकऱ्या, भाजीची दुकानं. या पट्ट्याला लोक 'लिटल शांघाय' म्हणतात.

आता शांघाय इथं कसं आलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

ऑस्ट्रेलियात चिनी माणसं मोठ्या संख्येनं आली ती १८५० च्या दशकात, सोन्याच्या शोधात. त्यातली बहुतेक दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातली. सोनं संपल्यावर कुणी भाजीचे मळे केले, कुणी सुतारकाम, कुणी खानावळी. पुढे १९०१ च्या कायद्यानं आशियाई माणसांना दार जवळजवळ बंद झालं. ते पूर्णपणे उघडायला १९७३ साल उजाडलं. या सगळ्या काळात इथं चिनी जेवण म्हणजे त्या जुन्या कँटनीज घराण्यांनी गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचेल असं बेतलेलं जेवण. लेमन चिकन, स्वीट अँड सावर पोर्क, फ्राइड राइस. लोक घरून पातेली घेऊन जायचे आणि त्यात जेवण भरून आणायचे. ऑस्ट्रेलियातल्या पुष्कळ लहान गावांत आजही असं एखादं जुनं उपाहारगृह दिसतं. त्याला कुणी नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. दार बंद असलेल्या देशात त्या माणसांनी त्या जेवणावर संसार उभे केले.

१९८० च्या दशकात चीननं बाहेर शिकायला जाण्याची वाट मोकळी केली आणि इंग्रजीचे वर्ग करण्यासाठी हजारो तरुण ऑस्ट्रेलियात आले. त्यात शांघायची मुलंमुली पुष्कळ. मग जून १९८९. बीजिंगच्या तियानानमेन चौकातल्या निदर्शकांवर चीननं लष्कर घातलं, त्यानंतर ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान बॉब हॉक कॅनबेराच्या शोकसभेत बोलताना रडले आणि इथल्या चिनी विद्यार्थ्यांना परत पाठवणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. १९९३ मध्ये कायमच्या वास्तव्याचा मार्ग मोकळा झाला. कुटुंबीयांसकट सुमारे ४२,००० माणसं या देशात राहिली. त्यांतली कितीतरी रेल्वेलगतच्या, भाडं परवडेल अशा उपनगरांत स्थिरावली, आणि शांघायच्या मंडळींना अ‍ॅशफील्ड आपलंसं वाटलं. गाव लांब राहिलं, मग गावचं जेवण इथं रांधायला सुरुवात झाली. लिव्हरपूल रोडवरचं जेवण परक्यांना रुचावं म्हणून बेतलेलं नाही, याचं कारण हेच. ते आपल्याच माणसांसाठी शिजत होतं.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा सवयीनं फ्राइड राइस आणि हनी चिकन मागवलं. आलं तेही चांगलं होतं, पण कुठेही मिळावं असं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांच्यापुढे बांबूची करंडी, काळ्या व्हिनेगरची वाटी, तपकिरी रंगाचा कसलासा थंड पदार्थ आणि तेलात परतलेल्या पातीच्या नूडल्स. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते हे आजींच्या लक्षात आलं. त्यांनी मेन्यू उचलला, माझ्यासमोर धरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. आमच्यात एक शब्दाची भाषा सामाईक नव्हती. त्या दिवशी त्यांनी बोट ठेवलेले चार पदार्थ मी आजही मागवते.

पहिला, श्याओलोंगबाओ. पातळ आवरणाचा वाफवलेला बाओ, आत मांसाचं सारण आणि चमचाभर गरम रस्सा. हा रस्सा आत कसा जातो, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. डुकराच्या कातडीचा रस आटवून थंड केला की त्याची जेली होते. ती जेली बारीक चिरून सारणात मिसळतात, आणि वाफेवर ती पुन्हा रस्सा होते. शांघायजवळचं नानश्यांग हे या पदार्थाचं माहेर. अ‍ॅशफील्डच्या काही दुकानांत रस्त्याकडेच्या काचेमागे बसून बायका हे बाओ वळतात. तिथं पाच मिनिटं उभं राहाच. कणकेची चकती तळव्यावर, मध्ये सारणाचा गोळा, आणि उजव्या हाताची दोन बोटं कड चिमटत, चुणी घालत गोल फिरतात. तळहात दुसऱ्या बाजूला फिरत असतो. शेवटी वर एक छोटी गाठ पिळली जाते. अख्खा बाओ व्हायला काही सेकंदच. बोलणं चालूच असतं, नजर हातावर नसते.

खाताना घाई केलीत तर जीभ भाजेल. गाठ धरून बाओ अलगद उचलायचा, चिनी मातीच्या चमच्यात ठेवायचा, कडेला एक बारीकसं भोक पाडून आधी रस्सा ओढून घ्यायचा. मग चन्च्यांगचं काळं व्हिनेगर आणि आल्याचे काप लावून बाकीचा तोंडात. करंडी आली की गप्पा थांबवा. दहा मिनिटांत आवरण करंडीला चिकटतं आणि रस्सा सांडून जातो.

दुसरा, शंगच्येन. हाही बाओच, पण जाड कणकेचा, मोठ्या सपाट लोखंडी तव्यात तेल-पाणी घालून झाकणाखाली केलेला. तळ खरपूस, डोकं मऊ, वर तीळ आणि पात. इथं भाषेची एक गंमत ऐकून ठेवा. उत्तर चीनमध्ये 'मान्तोउ' म्हणजे सारण नसलेला वाफवलेला पाव. शांघायची जुनी माणसं मात्र भरलेल्या बाओलाही मान्तोउ म्हणतात. गल्ल्यावरची बाई शंगच्येनला मान्तोउ म्हणाली, तर खुशाल समजा की तुम्ही बरोबर दारात आलात.

तिसऱ्या त्या पातीच्या नूडल्स, त्सोंगयौ बान म्येन. हिरवी पात तेलात अगदी मंद आचेवर काळपट होईपर्यंत परततात, ते तेल आणि सोया सॉस नूडल्सना चोळतात. बस्स, एवढंच. इतक्या कमी गोष्टींत लपायला जागा नसते, म्हणून एखादं शांघायी दुकान पारखायचं असेल तर मी आधी याच मागवते.

आणि चौथा, तो तपकिरी थंड पदार्थ, खाओफू. श्रोत्यांमध्ये शाकाहारी मंडळी बरीच आहेत, त्यांनी हे नाव लिहूनच घ्या. गव्हातल्या ग्लुटेनचा स्पंजासारखा गोळा, त्यात कानाच्या आकाराची खायची काळी बुरशी, मशरूम, शेंगदाणे, आणि सोया-साखरेचा दाट रस. चावलं की रस सुटतो. बाकी शाकाहाराबाबत सावध राहा. मापो तोफूत खिमा असतो. कोरड्या परतलेल्या फरसबीतही बहुतेकदा असतो. पातीच्या नूडल्सवर कधी सुकी कोलंबी भुरभुरतात, आणि पातीच्या पोळीला कुठे कुठे चरबी लावतात. नुसतं 'नो मीट' म्हटलं की खिमा किंवा रस्सा मोजला जात नाही. 'वो छ्र सू' म्हणा, म्हणजे 'मी शाकाहारी खाते', आणि त्यावर रस्सा, चरबी, कोलंबी, अंडं असं एकेक विचारा. कुणी रागावत नाही.

आता बाहेरून दुकान कसं ओळखायचं. माझ्या काही खुणा आहेत. भिंतीवर हातानं लिहिलेल्या कागदी पट्ट्या दिसल्या आणि त्यांचं इंग्रजी कुठेच नसलं, तर फोनचा कॅमेरा काढा आणि भाषांतर करून बघा. आजचे खरे पदार्थ पुष्कळदा तिथंच असतात. काचेमागे वळणारे हात दिसले तर उत्तम. मेन्यू तीनशे पदार्थांचा असेल, तर त्यातली फोटोसकट आलेली आणि रांधणाऱ्याच्या गावाशी जुळणारी पंधरा-वीस नावं तेवढी वाचा. रविवारी अकराच्या सुमारास कुठल्या दारात तीन पिढ्यांची कुटुंबं उभी आहेत ते पाहा. वाढण्यातला रोखठोकपणा मनाला लावून घेऊ नका. चहा आदळून ठेवतील, बिल न मागता आणतील, एकट्यानं गेलात तर दुसऱ्याच्या टेबलावर बसवतील. तसं बसवलं तर मला आनंदच होतो, कारण शेजारच्याच्या ताटात काय आहे ते दिसतं.

व्यवहाराचं पटकन सांगते. बऱ्याच ठिकाणी दुपारी तीन ते पाच शेगडी बंद असते. काही जागी रोखच घेतात. 'बीवायओ' लिहिलं असेल तर आपली बाटली नेता येते, माणशी थोडी रक्कम लागते. सार्वजनिक सुट्टीला बिलावर अधिभार चढतो.

अ‍ॅशफील्डवरच थांबू नका. त्याच गाडीनं पुढे क्रॉयडन सोडून बरवुडला उतरलात की रात्री गल्लीबोळ जागे असतात. शिगांवर भाजलेलं मांस, टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायचा तिखटजाळ हॉटपॉट, सिच्वान आणि उत्तरेकडच्या तरुण मुलांची गर्दी. कँटनीज यम चा, म्हणजे चहासोबत छोटे छोटे पदार्थ, हवा असेल तर हर्स्टव्हिल. ईस्टवुडला रेल्वेच्या एका अंगाला चिनी दुकानं आणि दुसऱ्या अंगाला कोरियन. हेमार्केटची डिक्सन स्ट्रीट, म्हणजे सिडनीचं चायनाटाउन, सगळ्यांना ठाऊकच आहे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न मात्र तोच विचारायचा.

गेल्या महिन्यात मी लिव्हरपूल रोडवर एका आडबाजूच्या लहानशा दुकानात शिरले. सहाच टेबलं. रांधणारी बाई स्वतःच वाढत होती. खाओफू इतका सुरेख होता की बिल देताना मी तिला विचारलं, "शांघाय?" मला वाटलं होतं ती हसून हो म्हणेल. तिनं जोरात नकारार्थी मान हलवली. "छोंगमिंग." मला कळेना. तिनं हात पुसले, फोन काढला, नकाशा मोठा करत करत यांगत्से नदीच्या मुखाशी आणला आणि तिथल्या एका लांबोळक्या बेटावर नख टेकवलं. छोंगमिंग. कागदोपत्री ते बेट शांघाय शहरातच मोडतं. पण तिच्या लेखी शांघाय म्हणजे नदीपलीकडचं दुसरंच गाव.

मी विचारलं, "छोंगमिंगचं काय खाऊ?" तिनं मेन्यूकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनमधला एक फोटो दाखवला. चिकट तांदळाच्या पिठाची वाफवलेली जाडजूड वडी, त्यात लाल खजूर आणि अक्रोड रोवलेले. छोंगमिंग काओ. "आता नाही," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "न्यू इयर." चिनी नवं वर्ष येईल तेव्हा ती घरच्यांसाठी करते, दुकानात चार-सहा दिवस ठेवते, मेन्यूवर कधीच लिहीत नाही. मग गल्ल्यावरच्या कॅलेंडरची पानं उलटून तिनं एक तारीख मला दाखवली, आणि पेननं त्याभोवती गोल केला.