टेकडीवरचा नत्र : येतो कुठून, जातो कुठे

पुण्यातली वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या, ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प दिसल्याशिवाय राहत नाही. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. लवकर वाढतं आणि नत्र स्थिर करतं, म्हणजे हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतं, ही त्याची शिफारस. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

नत्र झाड स्थिर करत नाही, मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू करतात. गाठी काम करताहेत का, हे बघायचं तर ऑगस्टमध्ये बघा, एप्रिलमध्ये नाही. कोरड्या मुरमात गाठी वाळून जातात. खोडापासून हातभर अंतरावर, वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटर मातीतली बारीक मुळं अलगद मोकळी करा. ओढलीत तर गाठी मातीतच राहतील. मुळं धुऊन गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच एका प्रथिनाचा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय. आणि सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठींना फसू नका: त्या म्हणजे मुळाचीच सूज, अंगठ्याने सुटत नाहीत. रायझोबियमची गाठ सुटून येते.

शेंगा आल्या म्हणजे नत्र आला, असंही नाही. बहावा, चिंच, कांचन, गुलमोहर, सगळ्यांना शेंगा येतात, गाठी नाहीत. उलट सुरूला शेंगा नसतात, तरी त्याच्या मुळांत फ्रँकिया नावाचे जिवाणू हेच काम करतात. आपल्याकडच्या झाडांत खैर, पांगारा, पळस गाठीवाले.

हा नत्र फुकट मिळत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे (पेशीतलं ऊर्जेचं चलन) किमान 16 रेणू लागतात, म्हणजे झाडाने केलेली साखर खर्च होते. त्यामुळे मातीत आयता नायट्रेट मिळाला की झाड गाठी कमी करतं. खड्ड्यात युरिया टाकून गिरिपुष्प लावणं म्हणजे पैसे देऊन ती यंत्रणा बंद करणं. गाठींना हवं असतं स्फुरद (फॉस्फरस), थोडं मॉलिब्डेनम आणि ओल. त्यातलं स्फुरद हवेतून येत नाही, आणि आपल्या मातीत ते बरंचसं अडकून बसतं.

आता खरा मुद्दा पानांचा. पान गळण्यापूर्वी झाड त्यातला बराच नत्र परत ओढून घेतं. म्हणून छाटलेला हिरवा पाला आणि गळलेलं पिवळं पान यांत मोठा फरक. गिरिपुष्पाचा हिरवा पाला ओलीत काही आठवड्यांत कुजतो. सागाच्या पानाला महिनेच्या महिने लागतात, कारण त्यात कर्ब (कार्बन) जास्त, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू आधी मातीतलाच नत्र स्वतःसाठी उचलतात. कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण 25-30च्या वर गेलं की हे होणारच.

जूनच्या पहिल्या पावसात कोरडी माती भिजते, नत्र एकदम मोकळा होतो, आणि रोपांची मुळं अजून तयार नसली तर उतारावरून वाहूनही जातो. वणव्याचं वेगळंच. पाचोळा पेटला की नत्र धुराबरोबर हवेत, राखेत उरतं ते मुख्यतः पालाश (पोटॅश), चुना, थोडं स्फुरद. सोसायटीच्या मागे पाला पेटवणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू.

गिरिपुष्प आहेच, तर मुळासकट उपटण्याची घाई नको. जूनअखेर, पाऊस लागल्यावर फांद्या छाटा, पाला खैर-पळसाच्या रोपांभोवती दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर मोकळं ठेवा. नाहीतर खोड कुजतं. मोकळ्या गवताळ पट्ट्यात मात्र हा पाला नको. जादा नत्रावर आधी फोफावतात ती घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली तणं.