बोलणं राहू द्या, आधी बोट बघा

नमस्कार श्रोतेहो.

लेकरू दोन वर्षांचं झालं, तरी बोलत नाही. घरात विषय निघाला की आजी म्हणते, "काहून घाबरता बाप्पा? याचा बापबी उशिराच बोलला होता." आजीचं अगदीच खोटं नाही, काही मुलं खरंच उशिरा बोलतात. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल वेगळं आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल वेगळं. हा फरक ओळखायचा तर लेकराच्या तोंडाआधी त्याच्या बोटाकडे बघा.

सव्वा-दीड वर्षाचं लेकरू रस्त्यानं बैलबंडी गेली की बोट दाखवतं आणि लगेच वळून आईकडे पाहतं. तुलाही दिसली ना, असं त्याला विचारायचं असतं. शब्द एकही नाही, पण सांगून झालं. उशिरा बोलणारं मूलही एवढं करतंच. स्वमग्न मुलात बरेचदा नेमकं हेच राहून जातं. तहान लागली तर ते आईचं मनगट धरून तिला माठापाशी नेतं, तिचा हात ग्लासावर ठेवतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

नावाचंही तसंच. वर्षाचं मूल हाक मारली की वळतं. स्वमग्न मूल बरेचदा वळत नाही, आणि पलीकडच्या खोलीत मोबाइलवर गाणं लागलं की धावत येतं. मग घरचे म्हणतात, मुद्दाम करते पोट्टं. मुद्दाम काही नसतं. तरीही कानांची तपासणी आधी करून घ्या, कारण कमी ऐकू येणारी मुलंही अशीच वाटू शकतात.

तान्हा पोळ्याला गावातली पोरं लाकडी बैल ओढत बोजारा मागत फिरतात. एखादं लेकरू मात्र बैल उलटा करून त्याचं चाकच फिरवत बसतं. डफडं वाजलं की कान दाबून ओरडतं. आता चाक तर सगळीच पोरं फिरवतात, तेवढ्यावरून कुणी घाबरू नका. बोट दाखवणं नाही, हाकेला वळणं नाही, रोज तोच खेळ, असं एकत्र दिसलं तर दाखवायला न्या. आणि बोलू लागलेलं मूल मध्येच शब्द विसरू लागलं, तर मात्र थांबूच नका.

कारण काय? मेंदूची घडणच वेगळी होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आई वावरात जाते म्हणून, ग्रहण पाळलं नाही म्हणून असं काही होत नाही. एकेकाळी डॉक्टरांनीही आयांच्या थंडपणाला दोष दिला होता, तेही चूकच ठरलं. लसीशी संबंध जोडणारा १९९८चा लेख छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो २०१०मध्ये मागे घेतला. होतं असं, की गोवर-रुबेलाची दुसरी लस सोळा ते चोवीस महिन्यांत असते, आणि ही लक्षणंही बहुधा त्याच वयात डोळ्यांत भरतात.

नवस बोलायचा तर बोला, पण त्यापायी तपासणी पुढे ढकलू नका. स्वमग्नता घालवणारं औषध नाही. मात्र लहान वयात अशा मुलांसाठीची खास शिकवणी सुरू झाली की संवाद आणि रोजचे व्यवहार बरेच सुधारू शकतात. घरी एवढं करा: लेकरू चाक फिरवत असेल तर समोर बसून तुम्हीही फिरवा, मध्येच थांबा आणि ते तुमच्याकडे बघेपर्यंत वाट पाहा. बिस्किटं घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा, म्हणजे मागायला त्याला तुमच्याकडे यावं लागेल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि मदत करणाऱ्या केंद्राची, चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा. तिथं रडते, कुणाजवळ जात नाही म्हणून त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. ते कसं वागतं, हेच तर पथकातल्या डॉक्टरांना बघायचं असतं.