पासवर्ड कोणाकडे?

लघुमाहितीपटाचं निवेदन. कालावधी अंदाजे १२ मिनिटं.

[दृश्य: अमळनेर. टायपिंग क्लासचा हॉल. भिंतीलगत प्लास्टिकच्या खोळी घातलेले टाइपरायटर.]

ही मशिनं आता कुणी वापरत नाही. तरी सरांनी ती विकलेली नाहीत. भंगारवाला किलोवर मागतो आणि किलोवर द्यायला सर तयार नाहीत. खोळ काढलेलं हे मशीन गोदरेजचं, मराठी कळपाटाचं. ओळ संपत आली की वाजते ती घंटी ऐका.

[घंटीचा मूळ आवाज. इथं निवेदन थांबेल.]

राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा संगणकावर गेली आणि ही घंटी थांबली. परीक्षेची गरज मात्र आहे तेवढीच आहे. सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, आणि अमळनेर, पारोळा, चोपड्याच्या गावागावांत ते मिळवायला निघालेली मुलं-मुली रोज सकाळच्या एसटीनं येतात. म्हणजे क्लास चालवायचा तर कॉम्प्युटर पाहिजेत. एक-दोन नव्हे, हॉलभर.

[दृश्य: रेल्वे स्टेशन, सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी. मग गावातला रस्ता.]

अमळनेरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की एकदा तरी तेलाच्या कारखान्यावर जातोच. १९४५ साली इथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. वनस्पती तूप आणि खाद्यतेल करायची. तीच पुढे विप्रो झाली, आणि १९८०च्या दशकात स्वतः कॉम्प्युटर बनवायला लागली. गावात काही घरांनी तिचे शेअर पिढ्यान् पिढ्या जपून ठेवले आणि त्या घरांचं भलं झालं. सरांच्या घरात शेअर नव्हते. म्हणून सेकंडहँड.

[दृश्य: टेम्पोतून खोकी उतरतात. थर्माकोल, केबलींचे गुंडाळे, काळ्या रंगाचे डेस्कटॉप.]

हा लॉट मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आलाय. मोठ्या कंपन्या मशिनं तीन-चार वर्षांच्या भाड्यानं घेतात. मुदत संपली की ती परत जातात, लिलावात निघतात, व्यापारी घाऊक उचलतो, चालू-बंद बघून वेगळी करतो आणि जिल्ह्या-जिल्ह्याला पाठवतो. अलीकडे हा ओघ वाढलाय. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही बोर्डावरची सुरक्षेची चिप आणि, इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीची धडधाकट मशिनं ऑफिसांतून बाहेर पडली. या लॉटमध्ये सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह आहेत. टायपिंगला याहून निम्म्या ताकदीचं मशीनही पुरतं.

कॅबिनेट उघडून सर स्वतः ब्लोअर मारतायत. जी उडतेय ती बारीक राखाडी धूळ, एसी ऑफिसातली. खान्देशातली धूळ अशी नसते; तिच्यात कापसाचे तंतू असतात. बाजूला अर्धवट सोललेली चिकटपट्टी दिसते. तिच्यावर मालमत्ता क्रमांक आणि कंपनीचं नाव आहे. नाव आम्ही पुसट केलंय.

[दृश्य: पहिलं मशीन सुरू होतं. घड्याळ धरून काढलेला शॉट.]

मशीन लागलं. पण लागायला लागलेला वेळ बघा. हार्डडिस्कचा दिवा विझतच नाही. कारण उजव्या कोपऱ्यात आहे. घड्याळाशेजारची ती छोटी ढाल, तिच्यावर पिवळा त्रिकोण. हा कंपनीचा अँटिव्हायरस. घरगुती नाही, कॉर्पोरेट. शेवटचं अपडेट कधीचं, ते त्याच्याच खिडकीत लिहिलंय. तेव्हापासून तो आपल्या सर्व्हरला हाका मारतोय. सर्व्हर मुंबईतल्या कुठल्यातरी मजल्यावर, कंपनीच्या आतल्या नेटवर्कमध्ये. अमळनेरातून त्याला ओ मिळणार नाही. तोवर हा प्रत्येक फाईल उघडताना तपासतो, जुन्या यादीवरून.

काढून टाकावं म्हणून सरांनी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं.

[दृश्य: पासवर्डची खिडकी. पूर्ण चौकट.]

बाईट, सर: “हाई पासवर्ड मांगी ऱ्हायनं. आते कोनले इचारू?”

हा पासवर्ड वेडेपणानं ठेवलेला नसतो, हे आधी सांगायला हवं. मशिनात घुसणारे बरेच व्हायरस सगळ्यात आधी अँटिव्हायरसच बंद पाडायला बघतात. ऑफिसातला एखादा कर्मचारीही, मशीन हळू चालतंय म्हणून, काढून टाकू शकतो. म्हणून आयटी विभाग सर्व्हरवर बसून एकदाच नियम लावतो: काढायचं तर पासवर्ड द्या. तो नियम शेकडो मशिनांवर एका दमात उतरतो. मशीन विकताना तो एका दमात उठवताही येतो. मशीन सर्व्हरशी जोडलेलं असेपर्यंत हे काम काही क्लिकचं आहे. लॉट गाडीत चढला की ती वेळ गेली.

सरांनी व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, फॉरमॅट मारा. कंपनीच्या बोर्डाच्या नंबरवर लावला. तिथं विचारलं गेलं, आपला एम्प्लॉयी कोड?

बाईट, सर: “पैसा आम्हना, कुलूप त्यास्नं.”

[दृश्य: जळगाव. गोलाणी मार्केटचे मजले, दुकानांच्या पाट्या, मग अमळनेरला येणारा तरुण. खांद्याला पिशवी.]

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुरुस्तीचं काम करणारा हा मुलगा. पिशवीत पेनड्राईव्हची माळ, स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि डबा. डब्यात शेव-पोळी. त्यानं आधी बिल मागितलं. चोरीच्या मशिनाला हात लावत नाही म्हणाला. बिल बघितलं, मग बसला.

इथून पुढचं चित्रीकरण आम्ही जवळून केलंय, कारण एरवी हे काम काउंटरच्या मागं होतं आणि गिऱ्हाईकाला दिसत नाही.

पहिल्यांदा त्यानं अँटिव्हायरसची सर्व्हिस, म्हणजे मागं सतत चालणारा त्याचा भाग, थांबवायचा प्रयत्न केला. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसलेला असूनही उत्तर आलं, परवानगी नाही. अँटिव्हायरस स्वतःची राखण स्वतः करतो. मग सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज मोजक्याच गोष्टी घेऊन उठतं आणि पहारा ढिला पडतो. पण अनइन्स्टॉल करणारी विंडोज इन्स्टॉलर नावाची सर्व्हिस, तीही सेफ मोडमध्ये उठत नाही. ती उठवायची युक्ती या पोराला माहीत होती. उठवली. इन्स्टॉलर चालू झाला आणि त्यानं शांतपणे पासवर्ड मागितला.

[हॉलमध्ये हशा. मूळ आवाज ठेवा.]

आता ही काळी खिडकी. तो टाइप करतोय एफ-एल-टी-एम-सी. एंटर. जी यादी आली ती फाईलच्या वाटेवर बसलेल्या चाळण्यांची आहे. तुम्ही फाईल उघडा म्हटलं की मागणी डिस्कपर्यंत या चाळण्यांतून गाळत जाते, वरून खाली. प्रत्येकीला उंचीचा आकडा असतो, आणि आकड्यांचे पट्टे मायक्रोसॉफ्टनं वाटून दिलेत. अँटिव्हायरसचा पट्टा ३२०००० पासून सुरू होतो. पडद्यावर त्याचं बोट आहे तिथं बघा, ३२ नं सुरू होणारा सहा आकडी नंबर. हाच तो. म्हणजे नुसता प्रोग्रॅमचा फोल्डर हे याचं घर नव्हे. विंडोजच्या खालच्या थरातही याची मुळं आहेत.

हे न समजता फोल्डर उडवला तर काय होतं, तेही त्यानं एका मशीनवर करून दाखवलं. पेनड्राईव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, उठवलं, अँटिव्हायरसच्या फोल्डरचं नाव बदललं, परत विंडोज लावलं. ढाल गेली! मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग ब्राउझर उघडला. नेट नाही. केबल ठीक, राउटर ठीक, शेजारच्या मशीनवर नेट चालू. अँटिव्हायरसनं नेटवर्क कार्डावरही आपली एक चाळणी बसवलेली होती. तिच्यामागचा प्रोग्रॅम गेला, चाळणी तिथंच राहिली आणि वाट तुंबली.

अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपन्यांकडे स्वतःची सफाईची साधनं असतात. ती मुळापासून काढतात. पण कॉर्पोरेट आवृत्तीला बहुतेक वेळा सपोर्टमार्फत जावं लागतं, आणि सपोर्ट ग्राहक क्रमांक विचारतो. ग्राहक कोण? मुंबईची ती कंपनी.

[दृश्य: चहा. सर आणि तरुण पडद्यासमोर वाद घालतात.]

प्रेक्षक विचारतील, व्यापारी सांगत होता तसं पहिल्या दिवशीच फॉरमॅट का नाही मारलं? कारण आत ऑफिस होतं. वर्ड, एक्सेल, सगळं. सरांना ते सोडवत नव्हतं.

बाईट, तरुण: “सर, ते ऑफिस तुमचं नाहीये. कंपनीच्या लायसनवर आहे. कंपनीचा सर्व्हर १८० दिवस दिसला नाही की ते आपोआप चाबी मागायला लागेल.”

हे खरं आहे. मोठ्या संस्थांचं ऑफिस आणि विंडोज बऱ्याचदा अशाच तऱ्हेनं चालू ठेवलेलं असतं. मशिनानं अधूनमधून आपल्या सर्व्हरकडं हजेरी लावायची, आणि एका हजेरीची मुदत १८० दिवस. सर ज्याला फुकटचं समजत होते त्याची मुदत शेवटच्या हजेरीपासूनच मोजली जात होती. सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, उडव.

विंडोजचं तसं नव्हतं. विंडोज ८ पासून पुढं, कारखान्यातच विंडोज घालून दिलेल्या मशिनांत मूळ चाबी साधारणपणे मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच कायम राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असते. त्याच आवृत्तीचं विंडोज नव्यानं घातलं की ते चाबी स्वतः वाचून घेतं. मशीन ज्याच्या टेबलावर, चाबी त्याच्याजवळ. चौकटीवरचे जुने स्टिकर बघत बसायची गरज नाही.

[दृश्य: काळी खिडकी पुन्हा. कर्सर. जवळून.]

फॉरमॅटआधी आणखी एक पायरी, आणि ती दाखवायचा आग्रह आमचाच. डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळणाऱ्या साधनात दोन आज्ञा आहेत. क्लीन, आणि क्लीन ऑल. नुसतं क्लीन लिहिलं तर क्षणात होतं. डिस्कचा नकाशा पुसला जातो, माल जागेवर राहतो. क्लीन ऑल लिहिलं तर डिस्कच्या प्रत्येक कप्प्यात शून्य लिहिलं जातं. ५०० जीबीच्या डिस्कला काही तास लागतात. डेस्कटॉपवर पगारपत्रकं म्हणून एक फोल्डर होता. तो कुणी उघडला नाही. पोरानं क्लीन ऑल लिहिलं, एंटर दाबलं आणि डबा उघडला.

खरं तर हे काम लिलावाआधी व्हायला हवं होतं.

रात्रभर हॉलमध्ये मशिनं चालू. मग आठ जीबीचा पेनड्राईव्ह, एफ-१२, बूट मेन्यू, इन्स्टॉल. एकेक करत रांग पुढं सरकली. विंडोज उठल्यावर त्याचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप कामाला लागला, त्याला कुणी बोलवावं लागलं नाही. सुरू व्हायला लागणारा वेळ आम्ही पुन्हा घड्याळ धरून काढलाय. दोन्ही शॉट शेजारी शेजारी बघा.

[दृश्य: दुभंगलेला पडदा. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. निवेदन नाही.]

विंडोज १० ला आता सुरक्षेची नियमित अपडेट येत नाहीत. सरावाचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालतं. म्हणून सरावाच्या मशिनांची नेटची केबल काढून ठेवलीय, आणि अर्ज भरायला, हॉलतिकीट काढायला कोपऱ्यातल्या दोन मशिनांवर लिनक्स मिंट घातलंय. पहिल्या दिवशी मुलींनी विचारलं, याच्यात स्टार्ट कुठंय? सापडलं.

[दृश्य: खोक्यातून निघालेला एकुलता एक लॅपटॉप.]

लॉटबरोबर व्यापाऱ्यानं हा लॅपटॉप घातलेला. यावरही तीच ढाल होती. पुसला, विंडोज घातलं, वायफाय जोडलं. आणि पडद्यावर आलं कंपनीचं बोधचिन्ह. तेही आम्ही पुसट केलंय. खाली ओळ: ऑफिसचा ई-मेल टाका.

हा अँटिव्हायरस नव्हे. या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या कंपनीच्या नावानं नोंदवलेली आहे. ऑटोपायलट म्हणतात त्याला. डिस्क बदला, विंडोज पुन्हा घाला, नेट लागलं की नव्या विंडोजची मांडणी तिथंच येऊन अडते. मुळात ही सोय नवी मशिनं कंपनीच्या नियमांप्रमाणे आपोआप मांडली जावीत म्हणून केलेली, पण तिच्यामुळे चोरीचा लॅपटॉपही चोराला सहज वापरता येत नाही. ज्यानं बिल देऊन घेतला त्याचीही तीच अडचण. नोंद उठवायला लागतात मिनिटं. पण ती उठवायची तर जावं लागतं त्या कंपनीच्या आयटी विभागाकडं, जिथं सरांना एम्प्लॉयी कोड विचारला गेला होता.

पोरानं लॅपटॉप बंद केला. याला मी हात लावणार नाही म्हणाला, आणि पैसेही घेतले नाहीत. लॅपटॉप व्यापाऱ्याकडे परत गेला.

[दृश्य: सकाळची बॅच. बोटं, कळा, पडद्यावर उमटणारी मराठी अक्षरं. मूळ आवाज.]

क्लास सुरू आहे. पुढच्या वर्षी शेजारचा गाळा घ्यायचा सरांचा विचार आहे, म्हणजे आणखी एक लॉट. यावेळी त्यांनी मागणीच्या कागदावर दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या: डिस्क पूर्ण पुसलेली असावी, मशीन जुन्या कंपनीच्या नोंदीतून काढल्याचं पत्र सोबत असावं. कागदाचा फोटो व्यापाऱ्याला पाठवला. उत्तर आलं ते पडद्यावर आहे.

[दृश्य: मोबाईलचा पडदा. नाव आणि नंबर झाकलेले.]

“सर तसा माल मिळेल. रेट वेगळा लागेल.”