चंडोलांच्या माळावरचे शिलेदार

श्रोतेहो, नमस्कार.

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वार दोन तऱ्हेचे असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन चाकरीला हजर व्हायचा. घोड्याचं दाणावैरण, नालबंदी, दुखलंखुपलं, सगळं त्याच्या घरचं. आज मी तुम्हाला जपानमधल्या एका उत्सवाविषयी सांगणार आहे. तिथे दरवर्षी साडेतीनशे-चारशे स्वार सामुराईंच्या चिलखतात मैदानात उतरतात. त्यांना मराठीत काय म्हणावं याचा विचार करू लागलो, तेव्हा मला आपला हा जुना शब्दच नेमका वाटला. शिलेदार.

उत्सवाचं नाव सोमा नोमाओई. नोमा म्हणजे रानातला घोडा आणि ओई म्हणजे पाठलाग. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागात, पॅसिफिक महासागराला लागून, फुकुशिमा प्रांताची चिंचोळी किनारपट्टी आहे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला समुद्र, मधे भातखाचरं. तिथे सोमा आणि मिनामिसोमा ही शहरं आहेत. फुकुशिमा म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. तिच्याकडे मी येणार आहे. पण त्या मातीत तिच्याआधी कितीतरी शतकं टापा वाजत होत्या, म्हणून आधी घोडे.

सामुराईंची आठवण जागवणारे उत्सव जपानमध्ये गावोगाव होतात. कोफू शहरात ताकेदा शिंगेन या सोळाव्या शतकातल्या सरदाराच्या नावाने हजारभर माणसं चिलखत घालून रस्त्यावर उतरतात. योनेझावाला मे महिन्यात नदीकाठी कावानाकाजिमाची जुनी लढाई पुन्हा लढली जाते. कामाकुरात सप्टेंबरमध्ये दौडत्या घोड्यावरून लाकडी फळीचा वेध घेतात. हे सगळं बघण्यासारखंच आहे, आणि करणारे मनापासून करतात. पण बहुतेक ठिकाणी माणूस एका दिवसापुरता सामुराई होतो. सोमात कित्येक घरांच्या मागे बारा महिने घोडा बांधलेला असतो. त्याला रोज चारावं लागतं, रोज फिरवावं लागतं, मग बाहेर पाऊस असो की बर्फ. मला त्या उत्सवाचं मोठेपण इथे दिसतं.

हा उत्सव हजार वर्षांहून जुना, असं तिथले लोक सांगतात. परंपरा अशी की दहाव्या शतकात ताइरा नो मासाकादो नावाच्या सरदाराने, आजच्या चिबा प्रांतातल्या माळावर घोडे मोकाट सोडले आणि तेच शत्रू समजून आपल्या स्वारांना त्यांच्यामागे पिटाळलं. हाती लागलेला घोडा देवाला वाहायचा. लढाईची तालीमही झाली आणि पूजाही झाली. हाच मासाकादो पुढे क्योतोच्या दरबाराविरुद्ध उठला आणि 940 साली लढाईत पडला. सोमा घराणं स्वतःला त्याचं वंशज मानतं. 1323 साली हे घराणं उत्तरेकडे, आजच्या मिनामिसोमाच्या परिसरात आलं. येताना त्यांनी आपला देव आणला आणि घोडे धरण्याची रीतही आणली. तेव्हापासून 1871 मध्ये संस्थानं खालसा होईपर्यंत, साडेपाचशे वर्षं, ते याच पट्ट्यात राहिले. शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, त्याच्या मर्जीने सरदारांच्या जहागिरी इकडच्या तिकडे होत, त्या देशात एका जागी इतकं टिकणं फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

आता त्यांचा देव. त्याचं नाव म्योकेन, उत्तरेच्या ताऱ्याचा देव. आणि सोमा घराण्याचं चिन्ह काय, तर मधे एक मोठा ठिपका आणि त्याभोवती आठ लहान ठिपके. एकूण नऊ. या चिन्हाला जपानीत क्युयो म्हणतात. श्रोतेहो, हे नऊ ठिपके म्हणजे आपले नवग्रह. सूर्य, चंद्र, मंगळापासून राहू-केतूपर्यंतचे. बौद्ध ग्रंथांबरोबर ते भारतातून चीनमध्ये गेले, तिथून समुद्र ओलांडून जपानात पोचले आणि सामुराईंच्या निशाणावर जाऊन बसले. आपल्याकडे घरभरणीला मांडतात ते नवग्रह तिकडे स्वाराच्या पाठीवर वाऱ्यात फडफडतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसलो होतो.

उत्सव तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी सोमा नाकामुरा, सोमा ओता आणि सोमा ओदाका या तीन देवस्थानांतून स्वार बाहेर पडतात. पूर्वीच्या संस्थानातले पाच महाल, म्हणजे परगणे, होते, त्यांच्या पाच तुकड्या आजही आहेत. देवासमोर साकेचा प्याला घेतला जातो, शंख फुंकला जातो आणि सेनापतीचा हुकूम सुटतो. सेनापतीचा मान सोमा घराण्याचा.

दुसरा दिवस मुख्य. सकाळी सगळ्या तुकड्यांची मिरवणूक मिनामिसोमातून निघते. हिबारिगाहारा नावाच्या मैदानाकडे ती जाते. हिबारी म्हणजे चंडोल पक्षी, तेव्हा हा चंडोलांचा माळ. या मिरवणुकीचे दोन नियम तिथलं लहान पोरही जाणतं. वरच्या मजल्यावरून खाली वाकून बघायचं नाही आणि मिरवणुकीला आडवं जायचं नाही. सामुराईकडे वरून बघणं हा अपमान. इतकी वर्षं झाली, राज्य गेलं, तलवार गेली, तरी लोक रस्त्यावर उतरून, मान वर करून स्वारांकडे बघतात.

मैदानावर आधी शर्यत होते. स्वार शिरस्त्राण काढून ठेवतात, कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. एका वेळी दहा घोडे, एक हजार मीटरची दौड. अंगावर चिलखत आणि पाठीला घराण्याचं उंच निशाण. रेडिओवर तुम्हाला दाखवता येत नाही, पण कान द्या. घोडा भरधाव सुटला की ते निशाण वाऱ्याने असं ताणलं जातं की त्याचा फडफडाट टापांच्याही वर ऐकू येतो. दहा स्वारांची दहा निशाणं एकदम जवळून जातात तेव्हा शिडाच्या गलबतांचा ताफाच गेल्यासारखं वाटावं.

मग दुपारी देवाच्या निशाणांची झुंज. दारूचा गोळा आकाशात उडतो, दीडशे मीटरांवर फुटतो आणि त्यातून दोन लांब निशाणं सुटतात. खाली शेकडो स्वार घोडे रोखून, माना वर करून उभे. निशाण काही दगडासारखं खाली येत नाही. वाऱ्यावर गिरक्या घेतं, लांब जातं, फिरून परत येतं. त्याबरोबर सगळा घोळका इकडून तिकडे लोटतो. घोड्याला घोडा भिडतो, रिकिबीत रिकीब अडकते, कुणी मांड सुटून खाली येतो. निशाण हाताच्या टप्प्यात आलं की स्वार रिकिबीत उभे राहून हातातला चाबूक उंच करतात आणि निशाण त्याला गुंडाळून घ्यायला बघतात. एकाच वेळी चार-पाच चाबूक त्यात गुंततात. ओढाताण होते. शेवटी कुणीतरी एक ते सोडवून घेतो, उंच धरतो आणि मैदानाच्या कडेला टेकडीवर जाणाऱ्या नागमोडी वाटेने टाच मारत सेनापतीच्या तळाकडे सुटतो. वाट दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली. टाळ्यांचा कडकडाट त्याच्याबरोबर वर चढत जातो. असे वीस गोळे उडतात, म्हणजे चाळीस निशाणं.

ही झुंज मात्र मूळची नाही. मेइजी काळाच्या सुरुवातीला, म्हणजे 1868 नंतर, माळावरचे रानघोडे उरले नाहीत. पाठलाग करायचा कुणाचा? तेव्हा लोकांनी आकाशातून निशाण सोडलं आणि त्याचा पाठलाग सुरू केला. परंपरा मोडली असं त्यांना वाटलं नाही. धावणं चालू राहिलं, ते महत्त्वाचं.

जुन्यातलं जुनं बघायचं तर तिसऱ्या दिवशी ओदाकाच्या देवळात जावं. जत्रेची गर्दी पांगलेली असते. स्वार बिनखोगिराचे घोडे पिटाळत देवळाच्या चढावर आणतात आणि बांबूच्या आवारात कोंडतात. आत पांढऱ्या कपड्यातली, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली माणसं उभी असतात. त्यांच्या हातात दोर नाही, काठी नाही. धावत्या घोड्याच्या मानेला मिठी मारायची, आयाळ धरायची आणि त्याला थांबवायचं. घोडा त्यांना फरफटत नेतो, दुसरा धावून येतो, तिसरा कानाशी जातो. घोड्याच्या अंगाला घाम सुटलेला, पायांखालची माती उडालेली. पहिला हाती लागलेला घोडा देवासमोर नेऊन उभा करतात. मासाकादोच्या गोष्टीतलं जे काही आज शिल्लक आहे, ते या काही मिनिटांत आहे. 1978 मध्ये जपान सरकारने या उत्सवाला देशाच्या महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा दिला तो याचसाठी असावा.

आता 2011.

11 मार्चला भूकंप झाला आणि मागोमाग समुद्र आत आला. एकट्या मिनामिसोमात सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत घोडेस्वार होते. तबेले वाहून गेले, दावणीला बांधलेले घोडे बुडाले. दुसऱ्या दिवसापासून फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुऊर्जा केंद्राच्या भोवतीचा 20 किलोमीटरचा पट्टा रिकामा करायला लावला. ओदाका त्या पट्ट्यात. लोक नेसत्या कपड्यांनिशी निघाले, दोन दिवसांत परत येऊ अशा समजुतीने, आणि जनावरं मागे राहिली. मालक चोरून-लपून जाऊन पाणी ठेवून येत. काही घोडे उपाशी मेले. मे महिन्यात सरकारने पट्ट्यातली गुरं मारून टाकायचं ठरवलं. नोमाओईचे घोडे मात्र या उत्सवासाठी वगळले गेले आणि त्यांना बाहेर आणलं गेलं. ही सवलत मला फार बोलकी वाटते. त्या जनावरांचा जीव उत्सवाने वाचवला.

आणि त्याच वर्षी, जुलैमध्ये, उत्सव झाला. जेमतेम ऐंशीच्या आसपास घोडे. शर्यत नाही, निशाणांची झुंज नाही. गेलेल्यांसाठी प्रार्थना आणि मिरवणूक. ज्यांची घरं उरली नव्हती अशी माणसं छावणीतून येऊन घोड्यावर बसली. अशा वेळी उत्सव कसला, असं कुणी म्हणालं असतं तर तेही समजण्यासारखं होतं. पण घोडा ज्याच्या घरचा आहे त्याला उत्सव टाकून जाता येत नाही, कारण घोडा तिथेच उभा असतो.

पुढच्या वर्षी निशाणांची झुंज परत सुरू झाली आणि ओदाकाच्या देवळात घोडेही धरले गेले. तेव्हा ओदाकात लोकांना दिवसा जाता येई, रात्री मुक्काम करायला बंदी होती. ओसाड गावातून स्वार देवळाकडे चढत होते. मुक्कामाची बंदी उठली 12 जुलै 2016 रोजी. पूर्वी ओदाकात बारा हजारांवर माणसं राहत होती. परतलेली त्यातली थोडीच, आणि त्यातही म्हातारी जास्त. पण उत्सवाच्या तीन दिवसांत विखुरलेले लोक गावी येतात, शेजाऱ्याला शेजारी भेटतो.

अलीकडे एक नवीनच संकट उभं राहिलं, उन्हाळ्याचं. 2023 च्या जुलैत इतकं ऊन होतं की शंभराहून अधिक घोड्यांना त्रास झाला आणि दोन घोडे दगावले. 2024 पासून उत्सव मे महिन्याच्या अखेरीस भरतो. काहींना जुलै सोडणं जड गेलं. पण मला हा निर्णय पूर्ण पटतो. पूर्वी हा उत्सव जुन्या पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, मधल्या माकडवारी व्हायचा; त्या पंचांगात दिवसांना जनावरांची नावं असत. म्हणजे जुलैची तारीखही कधीतरी नव्यानेच आली होती. आणखी एक गोष्ट बदलली. मुलींना पूर्वी विशीच्या आत आणि लग्न होईपर्यंतच घोड्यावर बसायची मुभा होती. 2025 मध्ये ती अट काढून टाकली. आता आईसुद्धा मुलीबरोबर रिकिबीत पाय ठेवू शकते.

जाता जाता त्या घोड्यांविषयी. त्यातले पुष्कळ शर्यतीतून निवृत्त झालेले आहेत. रेसकोर्सवर त्यांना एकच शिकवलेलं असतं, फाटक उघडलं की सुटायचं. इथे त्यांना उभं राहायला शिकवावं लागतं. पाठीवर चिलखताचं ओझं, कानाजवळ फडफडणारं निशाण, अचानक वाजणारा शंख, डोक्यावर फुटणारा गोळा, आणि तरीही उभं राहायचं. उत्सव जवळ आला की नोकरीला जाण्याआधी, उजाडता उजाडता, मालक घोडे समुद्रकाठी घेऊन येतात. ओल्या वाळूवरून आधी सावकाश चालवतात, मग दुडकी चाल, मग दौड. घोडा लाटेला बुजतो, बाजूला सरतो. मालक लगाम सैल सोडतो, मानेवर थोपटतो आणि त्याला पुन्हा पाण्याकडे वळवतो.

नमस्कार.