लाल कोबीची मायक्रोग्रीन्स: बी ते घास, दहा दिवस

(पडदा काळा. स्प्रे बाटलीचा आवाज. हळूहळू उजेड येतो. तळहातावर तपकिरी दाणे.)

हे दाणे पाहून कुणीही मोहरी म्हणेल. तसं म्हणणं फारसं चुकीचं नाही, कारण मोहरी, मुळा, नवलकोल, फ्लॉवर आणि कोबी ही सगळी एकाच कुळातली भावंडं. हे बी लाल कोबीचं आहे. शेतात लावलं तर त्याचा घट्ट जांभळा गड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. आपण याला दहा दिवस देणार आहोत. गड्डा धरण्याच्या कितीतरी आधी, रोप दोन पानांवर असतानाच, कात्रीने कापून खाणार आहोत.

या वयातल्या खाण्याजोग्या रोपांना मायक्रोग्रीन्स म्हणतात. मोड आणि मायक्रोग्रीन्स या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो. मोड ओल्या, उबदार, बंद जागेत येतात आणि आपण ते मुळासकट, बियासकट खातो. जिवाणूंनाही नेमकी तशीच जागा आवडते. 2011 साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि तपास शेवटी मेथीच्या मोडांपर्यंत पोचला. मायक्रोग्रीन्स उजेडात, मोकळ्या हवेत वाढतात. मुळं आणि बियांची टरफलं खालीच राहतात, आपण फक्त देठ आणि पानं घेतो. त्यामुळे धोका कमी होतो. तो शून्य मात्र होत नाही, त्यामुळे हात, भांडी आणि पाणी स्वच्छ हवंच.

(दाणे जवळून. एकेक दाणा दीड-दोन मिलिमीटरचा.)

मग इतक्या भाज्यांमधून लाल कोबीच का?

2012 साली अमेरिकेच्या कृषी विभागातल्या आणि मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 25 प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली. कशात कोणतं जीवनसत्त्व किती, हे मोजलं. क जीवनसत्त्वात लाल कोबी सगळ्यांच्या पुढे निघाला: 100 ग्रॅम ताज्या रोपांमध्ये 147 मिलिग्रॅम. यादीत सगळ्यात मागे असलेल्या रोपात ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास होतं. पूर्ण वाढलेल्या लाल कोबीचा अमेरिकी पोषण-तक्त्यातला आकडा 57 आहे. म्हणजे कोवळ्या रोपात साधारण अडीचपट. ‘सहापट’ असंही तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. तो आकडा त्याच अभ्यासात आहे, पण तिथे तुलना एका जुन्या मोजणीशी आहे, आणि त्या मोजणीत कोबीत क जीवनसत्त्व बरंच कमी भरलं होतं. मला अडीचपटच पुरेसं वाटतं. एवढ्याशा रोपासाठी तेही थक्क करणारं आहे.

आता हिशेब घरातल्या मापात करू. मूठभर मायक्रोग्रीन्स म्हणजे 25 ग्रॅम धरा. त्यात सुमारे 37 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आलं. प्रौढ माणसाची रोजची गरज वेगवेगळ्या देशांच्या शिफारशींप्रमाणे 40 ते 110 मिलिग्रॅम आहे. मूठभर पानांनी त्यातला मोठा वाटा उचलला. बाकीची भाजी, फळं, कडधान्यं बंद करून कुणी यावर राहावं असं मात्र नाही. ही भर आहे, जेवण नव्हे.

पण या आकड्यामागे एक अट आहे, आणि हा व्हिडिओ करायचं खरं कारण तीच आहे. क जीवनसत्त्व टिकाऊ नाही. पान कापलं, हवा लागली, उष्णता लागली, पाण्यात भिजत राहिलं, की ते कमी होत जातं. विकत घेतलेल्या डबीतली रोपं कधी कापली, किती प्रवास करून आली, किती वेळ उन्हात थांबली, हे आपल्याला कळत नाही. घरच्या ट्रेमध्ये कापणी आणि पहिला घास यांत पाच मिनिटांचं अंतर असतं. घरी वाढवण्याचा मोठा फायदा मी हाच मानतो.

(मेजावर दोन उथळ डबे. एकाच्या तळाला भोकं.)

सामान थोडंच लागतं. वीतभर लांबीचा एक उथळ डबा, तळाला भोकं पाडलेला. तो ज्यात बसेल असा दुसरा, भोकं नसलेला. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, किंवा कोकोपीटमध्ये थोडं चाळलेलं गांडूळखत. फार खत नको. ही रोपं पहिले काही दिवस बियातल्या शिदोरीवरच जगतात, खताची गरज पडेपर्यंत आपली कापणी होऊन जाते.

बियाण्याच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नका. शेतीसाठी विकलं जाणारं बी अनेकदा बुरशीनाशक लावलेलं असतं. त्याचा गुलाबी, निळा किंवा हिरवा लेप लगेच दिसतो. ते बी पेरून दहा दिवसांत पानं खायची नाहीत. पाकिटावर प्रक्रिया न केलेलं बी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या.

कोकोपीट भिजवून, पिळून, डब्यात दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यायचा आणि तळहाताने हलकेच सपाट करायचा. मुठीत दाबलं तर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या डब्याला पाऊण चमचा बी पुरतं. दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन दाणे पडले की झालं. हात सैल सोडून, चिमटीने, दोन वेळा आडवं-उभं पेरा. हे बी आधी भिजवायची गरज नाही, वर माती लोटायचीही नाही. पाण्याचा बारीक फवारा मारायचा, इतकंच.

(डब्यावर दुसरा डबा ठेवला जातो. त्यात पाण्याची बाटली. खोलीतला उजेड मालवतो.)

आता त्यावर झाकण आणि झाकणावर अर्धा किलोचं वजन. नव्याने करणाऱ्यांना इथे हमखास भीती वाटते, की एवढंसं बी चिरडून जाईल. चिरडत नाही. वजनामुळे प्रत्येक दाणा ओलाव्याला चिकटून राहतो, मूळ वर वळवळण्याऐवजी खाली घुसतं, आणि रोपांना एकत्र जोर लावून उठावं लागतं. तिसऱ्या दिवशी अख्खं वजन अर्धा सेंटिमीटर वर उचललेलं दिसतं. मी कितीदा पाहिलंय, तरी प्रत्येक वेळी झाकण काढून परत बघतो.

(तिसरा दिवस. जवळून दृश्य: मुळांभोवती पांढरी लव.)

इथे थोडं थांबू या, कारण इथेच कितीतरी चांगले ट्रे कचऱ्यात जातात.

मुळांवर ही पांढरी, मऊ लव दिसते. पाहणारा म्हणतो, बुरशी आली. ही बुरशी नाही. हे मूळकेस आहेत. पाणी शोधायला मुळाने चारी बाजूंना सोडलेले बारीक तंतू. ओळखायचं कसं? लव प्रत्येक मुळाला धरून असते, बाटली धुवायच्या ब्रशसारखी, आणि सगळ्या मुळांवर सारखी. फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी असते, एका कोपऱ्यातून सुरू होते, एका रोपावरून दुसऱ्यावर, मातीवरून देठावर पसरत जाते. फवारा मारला तरी ती जात नाही. आणि तिला वास येतो. निरोगी ट्रेला ओल्या मातीचा वास असतो, बिघडलेल्याला कुबट.

माझा पहिला ट्रे पाण्याने गेला. सकाळ-संध्याकाळ वरून पाणी घालत होतो, जास्त प्रेम म्हणजे जास्त पाणी असं वाटत होतं. पाचव्या दिवशी मधला पट्टा आडवा झाला. रोपं जमिनीशी मऊ पडून, देठ दोऱ्यासारखे बारीक होऊन कोसळली होती. याला रोपमर असं म्हणतात. ओल साचली आणि हवा खेळली नाही, की मातीतल्या बुरशी ते काम एका रात्रीत करतात. आडवं झालेलं रोप परत उठत नाही. तो ट्रे मी फेकून दिला आणि दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर पाणी द्यायची पद्धत बदलली. रुजेपर्यंत वरून फवारा. रोपं उभी राहिली की वरून पाणी बंद. खालच्या डब्यात अर्धा सेंटिमीटर पाणी ओतायचं, भोकांतून कोकोपीट ते शोषून घेतं, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं ओतून टाकायचं. पाणी कधी द्यायचं, ते डबा उचलून कळतं. एक-दोन दिवसांत हाताला ते वजन ओळखू येतं: हलका झाला की द्या, जड असेल तर राहू द्या. खोली दमट असेल तर छोटा पंखा लांबून, मंद. खोलीचं तापमान 18 ते 24 अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की ही रोपं खूश असतात. उकाडा वाढला की बुरशीचं फावतं.

(चौथा दिवस. झाकण निघतं. फिकट, पिवळट, लांब मानेची रोपं. खिडकीचा उजेड. दृश्य वेगाने पुढे सरकतं.)

अंधारातून निघालेली ही रोपं आजारी वाटतात. पिवळी, लांबट, देठाला कुठेतरी गुलाबी झाक. आता त्यांना उजेड द्यायचा आहे. खिडकीतला भरपूर प्रकाश चालेल, नाहीतर रोपांपासून वीतभर उंचीवर साधा पांढरा एलईडी दिवा, दिवसाला बारा-चौदा तास. खिडकीत ठेवत असाल तर डबा रोज फिरवा, नाहीतर सगळा ट्रे एका बाजूला वाकून उभा राहतो.

आणि आता रंग पाहा. काही तासांतच पानं हिरवी होऊ लागतात. दुसऱ्या दिवशी देठ जांभळे, तिसऱ्या दिवशी पानांच्या शिरा आणि खालची बाजूही. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. पानावर पडणाऱ्या जादा उजेडापासून रोप त्याच्या आडोशाने स्वतःला वाचवतं, म्हणूनच उजेड चांगला मिळाला आणि हवा थोडी थंड असली की रंग गडद होतो. सावलीत वाढवलेला ट्रे फिका राहतो. रंगावरून उजेडाचा हिशेब करता येतो तो असा.

(दोन काचेचे पेले.)

घरात मुलं असतील तर हे करून दाखवा. चार-सहा जांभळे देठ कोमट पाण्यात चुरगळा. पाणी जांभळसर होईल. ते दोन पेल्यांत ओता. एकात लिंबू पिळा: गुलाबी. दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा: निळं, मग हिरवट. आम्ल आणि अल्कली ओळखणारा कागद शाळेत पाहिला असेल, तेच काम हे रोप करतं.

(आठवा दिवस. हृदयाच्या आकाराची दोन पानं, मधे खाच. काही पानांवर टरफलाची टोपी.)

ही दोन पानं म्हणजे बीजपत्रं. बियात घडी घालून ठेवलेली होती, तीच उघडली. त्यांच्या मधोमध बारकाईने पाहिलंत तर दातेरी कडेचं एक इवलं पान दिसतं. ते पहिलं खरं पान. ते डोकावलं की कापणीची वेळ झाली. बहुतेक वेळा आठव्या ते बाराव्या दिवसाच्या मधे. टरफलं अडकली असतील तर आदल्या दिवशी रोपांवरून तळहात हळूच फिरवा, बरीचशी गळून पडतात.

(कात्री. चर्र-चर्र असा सलग आवाज, मागे संगीत नाही.)

धारदार कात्री, मातीपासून एक-दीड सेंटिमीटर वर. बोथट कात्रीने देठ चेपतात आणि काळे पडतात. कापलेलं रोप पुन्हा फुटत नाही, कारण वाढीचं टोक बीजपत्रांच्या मधे होतं आणि ते आता आपल्या वाटीत आलं. मुळांचा गालिचा कंपोस्टमध्ये टाका.

लागेल तेवढंच कापा. उभं रोप जिवंत असतं, फ्रिजपेक्षा ट्रेमध्येच ते जास्त ताजं राहतं. खरं पान दिसल्यावरही तीन-चार दिवस ते उभं ठेवता येतं, त्यापुढे देठ चिवट होतो. उरलंच तर न धुता, कोरड्या कागदासोबत डबीत घालून फ्रिजमध्ये. धुवायचं खाण्याआधी, वाहत्या पाण्यात, भिजत न ठेवता.

चव? आधी कोवळ्या कोबीची गोडी, मग जिभेच्या मागच्या बाजूला मोहरीची हलकी झणझण. त्या तिखटपणामागे एक छान यंत्रणा आहे. या कुळातल्या रोपांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका जागी आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी ठेवलेलं असतं. आपण चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट द्रव्यं तयार होतात. कीड कुरतडायला आली तर तिच्यासाठी रोपाने केलेली ही सोय. शिजवलं की ते विकर निकामी होतं, क जीवनसत्त्वही घटतं. म्हणून हे कच्चंच खा. सॅलडमध्ये, सूप गॅसवरून उतरवून वाटीत वाढल्यावर, उकडलेल्या अंड्यावर किंवा बटाट्यावर.

आरोग्याच्या दाव्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यात चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना लाल कोबीची मायक्रोग्रीन्स दिल्यावर त्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल कमी राहिलं. अभ्यास महत्त्वाचा आहे. पण ते उंदीर होते. त्यावरून माणसाची औषधं बंद करू नका. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेत असाल तर अशी पानं अचानक रोज खायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यांतलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. रोगप्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या माणसांनी कोणतीही कच्ची पालेभाजी विचारूनच खावी.

(मेजावर तीन डबे ओळीने: एक झाकलेला, एक पिवळट, एक गडद जांभळा.)

दर चार दिवसांनी एक डबा पेरला की घरात कायम एक अंधारात असतो, एक उजेडाला लागलेला असतो आणि एक कात्रीची वाट पाहत असतो. आजचा जांभळा डबा रिकामा झाला. त्यात नवं कोकोपीट भरलंय. पाऊण चमचा बी घेतलंय.

(चिमटीतून दाणे पडतात. फवाऱ्याचा आवाज. झाकण ठेवलं जातं, त्यावर वजन. पडदा काळा.)