गवत कापावे आणि जागीच जिरवावे

नमस्कार, श्रोतेहो.

घराच्या अंगणात हिरवळ राखणाऱ्यांना कापलेल्या गवताचे काय करायचे, हा प्रश्न दर आठवड्याला पडतो. ते गोळा करून पिशव्या भरायच्या, त्या वाहून टाकून यायच्या आणि पुन्हा त्याच हिरवळीसाठी खताची पोती विकत आणायची, हा खरे पाहता अव्यापारेषु व्यापार आहे. ताज्या गवतात सुमारे 80 टक्के पाणीच असते, आणि उरलेल्या सुक्या भागात साधारण 4 टक्के नत्र, 2 टक्क्यांच्या आसपास पालाश आणि थोडे स्फुरद असते. हे कातरण जागच्या जागी जिरू दिले, तर हिरवळीला वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यातूनच मिळतो. गवत बारीक करून परत हिरवळीतच सोडणाऱ्या यंत्राला मल्चिंग मोअर म्हणतात, आणि ते निवडताना काय पाहावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

यंत्र घ्यायला गेलेला माणूस बहुधा आधी इंजिनाची ताकद विचारतो, मग रंगरूप पाहतो. मल्चिंगचे बरेवाईट मात्र यंत्राच्या पोटात, म्हणजे पाते फिरते त्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात ठरते. या आवरणाला डेक म्हणतात. विक्रेत्याला यंत्र मागे कलवून दाखवायला सांगावे. बॅटरीचे असेल तर बॅटरी काढून, पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची वायर सोडवून आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असे. डेक खोल आणि घुमटासारखा गोलसर असेल, तर कापलेले गवत मिक्सरच्या भांड्यात फिरावे तसे आत घोळत राहते, पुन्हापुन्हा पात्यावर येते आणि चुरा होऊन खाली पडते. डेक उथळ असेल, आत कोपरे असतील किंवा बोल्टची टोके पुढे आलेली असतील, तर गवत तिथेच अडकते आणि त्याचे गोळे हिरवळीवर पडतात.

पातेही नीट पाहावे. साध्या पात्याच्या टोकांना मागच्या बाजूने वर वळलेले पंख असतात, कारण हवेच्या झोताने गवत उचलून पिशवीत ढकलणे हे त्याचे काम असते. मल्चिंगच्या पात्याला धार जास्त लांबीची असते आणि त्याची वळणे वरखाली अशी दोन्ही बाजूंना असतात, म्हणजे गवत आधी वर उडते आणि मग पुन्हा कापले जाऊन खाली रेटले जाते. खोक्यावर ‘थ्री इन वन’ असे छापलेले असते तेव्हा मल्चिंग, पिशवी आणि बाजूने फेकणे या तिन्ही सोयी आहेत एवढेच कळते. त्यातली मल्चिंगची सोय कामाची आहे की नावापुरती, हे त्यावरून समजत नाही. पुष्कळदा साध्याच मोअरच्या मागच्या तोंडात एक बूच दिलेले असते. ते हाताने हलवून पाहावे. बूच खडखडत असेल, तर त्या फटीतून झोत निसटतो आणि गवत पुरते बारीक होण्याआधीच बाहेर येते.

यंत्र कितीही उत्तम असले, तरी ते आठवड्यांची थकबाकी एका फेरीत वसूल करू शकत नाही. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कापू नये, हा जुनाजाणता नियम आहे. म्हणजे 6 सेंटिमीटर राखायचे असेल, तर ते 9 सेंटिमीटरपर्यंत आले की कापायलाच हवे. म्हणून उंची बदलण्याची सोय सुटसुटीत असावी. चारही चाके एका दांड्याने वरखाली होत असतील, तर माणूस उंची बदलतो. प्रत्येक चाक वेगळे लावावे लागत असेल, तर सहसा बदलत नाही. ज्यांना दर आठवड्याला वेळ मिळणारच नाही, त्यांनी पिशवीही असलेले यंत्र घ्यावे, असे मी स्पष्ट सांगेन. बी धरलेले तण किंवा गुडघाभर वाढलेले गवत पिशवीतच गेलेले बरे. ओले गवत तर कापूच नये. ते डेकला चिकटते आणि पाते जड होते.

कातरण हिरवळीत सोडले की खाली वाळक्या काड्यांचा थर साचतो, अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. तो थर मुख्यतः न कुजलेल्या देठांचा आणि मुळांचा असतो; गवताचे बारीक पान लवकर कुजते.

ताकदीचेही थोडे बोलू. चुरा करायला साध्या कापणीपेक्षा जास्त जोर लागतो, तेव्हा बॅटरीचे यंत्र घेताना केवळ व्होल्टवर जाऊ नये. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे: 36 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 180 वॉट-तास साठतात, तर 56 व्होल्ट आणि अडीच अँपिअर-तासांच्या बॅटरीत 140 च. लहान, सपाट अंगणाला बॅटरीचे यंत्र पुरते, शिवाय आवाज कमी. अंगण चढउताराचे असेल, तर मागच्या चाकांना गती देणारे यंत्र घ्यावे. रुंदी ठरवताना अंगणाइतकेच फाटकाचे मापही घ्यावे. यंत्रावर 53 सेंटिमीटर लिहिलेले असेल, तर ते कापणीचे माप असते, यंत्र त्याहून रुंद भरते.

मुठीखालचा दांडा सोडताच पाते थांबते ना, हे चालवून दाखवायला सांगावे, आणि त्याच मॉडेलचे मल्चिंग पाते सुटे मिळते का, हेही तिथेच विचारून घ्यावे. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते, आणि मग हिरवळीचे शेंडे दुसऱ्या दिवशी पिवळट दिसू लागतात. काही डेकवर पाण्याची नळी जोडायला तोंड असते. सोय चांगली आहे, पण वाळून घट्ट बसलेला गवताचा लगदा पाण्याने निघत नाही, त्यासाठी बॅटरी किंवा प्लगची वायर काढून लाकडी पट्टीने डेक खरवडावाच लागतो.